धनत्रयोदशीचा सौदा

वडवणीच्या बसस्टँडसमोर सीताफळांच्या पाट्या मांडल्या की दिवाळी आली हे कळायला कॅलेंडर लागत नाही. डोंगराकडच्या बायका सकाळीच येऊन बसतात. फळं अजून टणक असतात. "गव्हात ठिवा साहेब, दोन रोजात पिकतेत," असं सांगून त्या पिशवी भरून देतात आणि वर एक जास्तीचं टाकतात. रानात कापूस फुटलेला असतो. गल्लीतून जाताना कुठे चकलीचा, कुठे करंजीचा वास येतो. रस्त्याने ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर जात असतात, त्यांत पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, सरपण आणि त्या ढिगावर बसलेली माझ्याच वर्गातली चार पोरं. मला बघून ती हात हलवतात. मीही हलवतो. सत्तावीस वर्षं मास्तरकी केली, दिवाळीनंतरचा हजेरीपट मी कधी भरलेला पाहिला नाही.

हा मोसम मला एकेकाळी फार आवडायचा. आता तो येऊ नये असं वाटतं.

याच सुमाराला सलीमभाईंचा मेसेज येतो. सलीमभाई बीडला शेअर दलालाचं छोटं ऑफिस चालवतात. आमची वीस वर्षांची ओळख. मेसेजात दिवाळीच्या आठवड्यात शेअर बाजार कधी उघडा, कधी बंद ते असतं, आणि लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांची वेळ असते. अलीकडे ते त्याखाली स्वतःची एक ओळ जोडतात: 'त्या दिवशी सौदे होतील, सेटलमेंट होणार नाही.' ती ओळ ते सगळ्यांनाच पाठवतात, पण कोणासाठी लिहितात हे मला ठाऊक आहे.

मास्तरला समजावून सांगायची खोड असते, तेव्हा सांगूनच टाकतो. शेअर बाजारात दोन दिवस असतात. एक सौद्याचा. त्या दिवशी तुम्ही विकलं, भाव ठरला, कागदावर तुमचा व्यवहार झाला. दुसरा सेटलमेंटचा. त्या दिवशी शेअर खरोखर समोरच्याकडे जातात आणि पैसे खरोखर तुमच्या नावावर येतात. पूर्वी या दोहोंत दोन दिवसांचं अंतर असायचं, आता एकाचं असतं. सोमवारी विकलं तर मंगळवारी नावावर, आणि दलालाकडून बँकेत यायला बुधवारची सकाळ. पण हा एक दिवस म्हणजे कामाचा एक दिवस. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. आणि काही दिवस असे विचित्र असतात की बाजार उघडा असतो, पण बँकांना सुट्टी म्हणून सेटलमेंट बंद. वर्षाखेरीच्या हिशोबासाठी एक एप्रिलला बँका बंद असतात, तेव्हा असं होतं. लक्ष्मीपूजनाला होतं. दुकान उघडं, दिवे लावलेले, मालक गादीवर बसलेला, आणि गल्ल्याला कुलूप. हे सगळं मला आज पाठ आहे. शहाणपण उशिरा येतं म्हणतात. माझं तर सेटलमेंटलाच आलं.

वैष्णवी सहा महिन्यांची होती तेव्हा मी पहिले पाच शेअर घेतले. पगार झाला की बीडला जायचं, सलीमभाईंच्या ऑफिसात चहा प्यायचा, जमतील तेवढे घ्यायचे. शाळेतले सोबती सोनं घेत, प्लॉट घेत. मी सिमेंटच्या आणि औषधांच्या कंपन्यांचे कागद घेई आणि ते हसत. वैष्णवी चार वर्षांची असताना तिला वाटायचं, बाबा आठवडी बाजारालाच जातात. एकदा तिने विचारलं, "तुमच्या बाजारात भेळ मिळते का?" मी म्हटलं, मिळत नाही. "मग कावून जाता?" पुढे मोठी झाल्यावर तीच माझ्या मोबाइलवर भाव बघून सांगायला लागली. औषधांच्या कंपनीला ती 'आपली कंपनी' म्हणायची. आपल्या कंपनीची गोळी कुठे दिसली की पाकीट उलटून नाव वाचायची.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे वाक्य आमच्या भागात इतक्या घरांत बोललं जातं की त्याला काही वजन उरलेलं नाही. पण तिला खरंच व्हायचं होतं. दहावीनंतर दोन वर्षं लातूरला राहिली. एका खोलीत चौघी. भिंतीवर हाडांची चित्रं, खाली गॅसची शेगडी आणि एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. मी शनिवारी डबा घेऊन जायचो. ती जेवता जेवता सुद्धा उजव्या हाताच्या अंगठ्याने डाव्या हाताची बोटं मोजत काहीतरी आठवत असायची. नीटच्या परीक्षेत एमबीबीएसला पुरतील एवढे गुण पडले नाहीत. आयुर्वेदाला मात्र शेवटच्या फेरीत, खासगी कॉलेजात, एक जागा लागली. ती यादी आली मंगळवारी संध्याकाळी. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी.

आमच्या घरात त्या संध्याकाळी काय आनंद झाला! माझी बायको रेखा पिठाचे हात तसेच घेऊन नाचली. वैष्णवी नाचली नाही. तिने यादी तीनदा वाचली आणि खालची ओळ मला दाखवली. पहिल्या वर्षाची पूर्ण फी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत जमा झाली पाहिजे, नाहीतर जागा रद्द. मी म्हटलं, "अगं, याच दिवसासाठी तर एवढी वर्षं जमवलंय." मोठ्या ऐटीत म्हटलं. बाजार तेव्हा बंद झालेला होता, म्हणजे विकायचं ते बुधवारी सकाळी.

बुधवार उजाडला. अंगणात रांगोळी, उंबऱ्याशी कणकेचा दिवा करून ठेवलेला. मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसलो आणि माझा हात थांबला. माझे वडील माजलगावला अडतीवर मुनीम होते. धनत्रयोदशीला ते कोणाला सुट्टे पैसेसुद्धा देत नसत. त्या दिवशी घरातून धन बाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नेम. दारात दूधवाला आला तरी "परवा ने" म्हणायचे. मी विज्ञान शिकवतो. लिंबू-मिरची अडकवणाऱ्याची मी वर्गात टिंगल करतो. ग्रहण लागलं की मुद्दाम मुलांसमोर उभं राहून शेंगदाणे खातो. पण पोरीच्या शुभकार्याची सुरुवात आणि नेमकी धनत्रयोदशीलाच सतरा-अठरा वर्षांची साठवण बाहेर काढायची, हे हाताला पटेना. बुद्धीला पटत होतं. हाताला नाही.

रेखा आतून म्हणाली, "झालं का इकून?"

"उद्या विकतो. आज धनतेरस आहे."

"आवो, कावून थांबायलाव? पोरीचं काम हाय. ती बी लक्ष्मीच हाय की."

"एका दिवसाने काय बिघडतंय?"

मग मी सलीमभाईंना फोन लावला, का कोण जाणे. बहुधा त्यांनी 'थांबा' म्हणावं म्हणून. ते म्हणाले, "सर, पैशाचं काम आसंल तर आजच काढा. सुट्ट्या लई हायत पुढं."

मी म्हटलं, "आज आमच्यात धन बाहेर काढत नाहीत हो, सलीमभाई."

ते म्हणाले, "बरं सर. तुमचा सण हाय, मी कसं काय बोलू?"

फीची तारीख मी त्यांना सांगितलीच नाही. काम होण्याआधी बोलू नये, दृष्ट लागते, हाही वडिलांचाच नेम. सांगितली असती तर तो माणूस ओरडला असता माझ्यावर. सण बघितला नसता त्याने. पण मी सांगितलं नाही आणि त्यांनी मान ठेवला. आपल्याकडे एकमेकांचा मान ठेवताना किती गोष्टी बुडतात, याचा कोणी हिशोब करत नाही.

गुरुवारी नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून आंघोळ, पायाने कारीट फोडलं, फराळ झाला आणि बाजार उघडताच मी सगळे शेअर विकले. भाव चांगला मिळाला, उलट बुधवारपेक्षा जरा जास्तच. मी रेखाला म्हटलं, "बघ, थांबल्याचा फायदाच झाला." माझा हिशोब सरळ होता. आज सौदा, उद्या सेटलमेंट. उद्या लक्ष्मीपूजन असलं तरी बाजार एक तास उघडा आहेच. बाजार उघडा तर पैसे येणार. फार तर सोमवारी सकाळी बँकेत दिसतील.

शुक्रवारी पूजा मांडली. लाह्या-बत्तासे, केरसुणीला हळदकुंकू, आणि पूजेशेजारी मोबाइल. मुहूर्ताच्या त्या तासात मी शकुन म्हणून एक शेअर घेतलासुद्धा. 'आपल्या कंपनी'चा एक. वैष्णवीच्या बोटाने बटण दाबलं. खात्यात विक्रीचा आकडा दिसत होता, त्यातूनच तो एक आला. मग शंका घ्यायला जागा कुठे होती? बाजार चालू होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहत होतो. त्या तासात देशभर लोक सौदे करत होते आणि एकाचाही पैसा जागचा हलणार नव्हता. हे मला कळलं असतं तरी शुक्रवारी मी काय करू शकलो असतो? काहीच नाही असं मी मनाला सांगत असे. पण ते खोटं आहे. हातात तीन दिवस होते. मी पैसे उभे करू शकलो असतो.

कारण रविवारी भाऊबीजेला रेखाचा भाऊ दत्ता आला होता, शिरूर कासारहून. वैष्णवीने मामेभावाला ओवाळलं. सगळे तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत होते. ती लाजून "अजून न्हाई, अजून न्हाई" करत होती. जाताना दत्ता चपला घालता घालता म्हणाला, "दाजी, फीला कमी पडायलं तर सांगा बरं. कापसाचे आलेत थोडे, घरात हायत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "नाही रे. सोमवारी सकाळी खात्यात येतायत. तुझे तुला राहू दे."

हे वाक्य मी आता रोज ऐकतो. कोणी बोलत नाही, मीच ऐकतो.

सोमवारी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. कॉलेज चार तासांवर. वैष्णवीने मांडीवर फाइल धरली होती, तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. धुकं होतं. खिडकीतून तुरीचा ओला वास येत होता. साडेनऊला मी ॲप उघडलं. आकडा होता. खाली लिहिलं होतं, काढता येण्याजोगी रक्कम: शून्य. मला वाटलं रेंज नाही. पुन्हा उघडलं. मग सलीमभाईंना फोन केला आणि पहिल्यांदा त्यांना तारीख सांगितली.

ते हळू म्हणाले, "सर, शुक्रवारी बाजार उघडा होता, सेटलमेंट बंद होती. गुरुवारचा सौदा आज सेटल होणार. तुमच्या बँकेत पैसे उद्या सकाळी." आणि मग, "कावून न्हाई सांगितलं सर तुमी? कावून?"

बुधवारी विकलं असतं तर गुरुवारी सेटल झालं असतं. मधले शुक्रवार, शनिवार, रविवार गेले असते तरी पैसे सोमवारी सकाळी हातात असते. एवढंच अंतर होतं. एका कणकेच्या दिव्याएवढं.

पुढचे सात तास मी नीट सांगू शकत नाही. सलीमभाईंनी मोबाइलवरून एका दिवसात पाठवता येते तेवढी सगळी रक्कम पाठवली, न विचारता. दत्ता कापसाचे पैसे पिशवीत घेऊन बँकेत गेला. तीन दिवसांच्या सुट्टीनंतरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्याचे पैसे साडेतीनला पोचले. तरी साठ हजार कमी. रेखाने हातातल्या पाटल्या काढल्या. कॉलेजच्या गावात सोनेतारण कर्ज देणारं एक दुकान उघडं सापडलं. तिथला माणूस चांगला होता, पण सोनं पारखणारा सराफ भाऊबीजेला बहिणीकडे गेला होता, उद्या येणार होता. त्या दिवशी सगळंच उद्या येणार होतं.

कॉलेजातले कारकून वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "सर, माझ्या हातात असतं तर मी थांबलो असतो. पूर्ण फी आल्याशिवाय संगणक पावती काढत नाही आणि पाचला आपोआप बंद होतो." मी त्यांना ॲपमधला आकडा दाखवला. "हे बघा, पैसे आहेत. आहेतच. फक्त आज नाहीत." ते बघून त्यांनी मान हलवली. वर्गात न आलेल्या गृहपाठाची कारणं ऐकताना मी अशीच मान हलवतो.

पाच वाजले. काही झालं नाही. ना घंटा, ना कोणी ओरडलं. पडद्यावरचं एक हिरवं बटण राखाडी झालं. वैष्णवीने कागद गोळा केले, झेरॉक्स एकीकडे, मूळ एकीकडे, आणि म्हणाली, "चला बाबा. सहाला शेवटची एसटी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी पैसे आले. पूर्ण. एक रुपया कमी नाही. ठरलेल्या नियमाने, ठरलेल्या दिवशी. बाजाराने मला फसवलं नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे. कोणाला शिव्या द्यायच्या म्हटलं तर माणूस सापडत नाही. रेखा मला कधीच बोलली नाही. पण त्यानंतर आमच्या घरी धनत्रयोदशीला कणकेचा दिवा ती करते आणि लावताना माझ्याकडे बघत नाही.

सलीमभाईंचे आणि दत्ताचे पैसे मी त्याच दिवशी परत केले. उरलेल्यातून पुन्हा तेच शेअर घेतले. पैसे डोळ्यांसमोर नकोत म्हणून घेतले, दुसरं काही कारण नव्हतं.

वैष्णवी पुन्हा लातूरला गेली. तीच खोली, दुसऱ्या तिघी. पण गेल्या वर्षीची ती वैष्णवी राहिली नव्हती. शनिवारी डबा घेऊन गेलो की जेवताना ती बोटं मोजत नसे. नुसती जेवायची. गुण मागच्यापेक्षा कमी पडले. तिसऱ्यांदा बसतेस का, असं मी विचारलं. "नको बाबा, वय व्हायलंय," म्हणाली. एकोणीस वर्षांची होती. मग बीडला बीएस्सीला नाव घातलं. तिथे ती जायची, यायची. परत येताना माझ्यासाठी मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या आणायची. पाकीट उलटून बघताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.

लोक समजूत घालतात. 'नशिबात नव्हतं.' 'डॉक्टर होऊन तरी काय, बेकार फिरायलेत.' 'पोरगी सुखात हाय ना, मग?' मी हो म्हणतो. पण हे नशीब नव्हतं, हे मला तारीखवार माहीत आहे. नशिबात जागा होती. यादीत नाव होतं, पैसे होते, भावसुद्धा चांगला होता. मधे एक सकाळ होती आणि तिच्यात ओट्यावर मी बसलेला होतो.

या वर्षी वैशाखात तिचं लग्न झालं. बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलं, ते नंतर करू म्हणाले सासरचे. चांगली माणसं आहेत. जावई साखर कारखान्यात नोकरीला आहे, निर्व्यसनी आहे. मंगल कार्यालयवाल्याला आणि स्वयंपाक्याला पैसे द्यायचे होते. मी महिनाभर आधीच सुट्ट्यांची यादी घेऊन बसलो. बँकेच्या वेगळ्या, बाजाराच्या वेगळ्या, सेटलमेंटच्या वेगळ्या. सगळ्या पडताळून, सलीमभाईंना तारखेसकट सगळं सांगून, एका सोमवारी शेअर विकले. औषधांच्या कंपनीचेही.

बुधवारी सकाळी बँकेचा मेसेज आला. वैष्णवी माजघरात पत्रिकांवर नावं घालत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. खरं तर मला त्या दिवशी तिची माफी मागायची होती. एवढ्या वर्षांत ती मागितलीच नव्हती आणि आता ती जाणार होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. मास्तरकीच्या त्याच सुरात मी म्हटलं, "सोमवारी सौदा, मंगळवारी सेटलमेंट, आज खात्यात. एक दिवससुद्धा इकडचा तिकडे नाही झाला बघ."

तिने पत्रिकेवरची शाई वाळायला फुंकर घातली, पत्रिका बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली.

"मंग जमतंय की तुमाला, बाबा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोललो असतो.